पेशींचा आकडा पटत नाही? तीच ट्यूब पुन्हा लावण्याआधी एवढं बघा

पावसाळा लागला की तालुक्याच्या कुठल्याही लॅबमध्ये हा फोन येतोच. "अहो, सकाळी तुम्ही प्लेटलेट ३८ हजार दिल्यात, दुपारी दुसरीकडे १ लाख ६० हजार आल्या. मी नेमकं काय धरायचं?" डॉक्टरांचा आवाज चढलेला, नातेवाईक ब्लड बँकेच्या वाटेवर. अशा वेळी टेक्निशियन काय करतो? तीच जांभळ्या टोपणाची ट्यूब पुन्हा मशीनला लावतो. ३९ हजार येतात. "सर, रिपीट केलं, तेवढंच येतंय."

घोळ इथेच वाढतो. ट्यूबमध्ये जे आहे तेच मशीन दुसऱ्यांदाही मोजणार. दोन्ही आकडे जुळले तर मशीन आपल्या जागी बरं चाललंय एवढंच कळलं. पेशंटच्या अंगात पेशी किती, हे त्यातून कळत नाही. प्लेटलेटचा आकडा चुकतो तो बहुतेक वेळा सुईपासून मशीनपर्यंतच्या वाटेत, नाहीतर मशीनने एका पेशीला दुसरी समजल्यामुळे. दोन्हींचा निकाल स्लाइडवर, म्हणजे काचेवर पसरून रंगवलेलं रक्त मायक्रोस्कोपखाली बघून लागतो. ती करायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि गर्दीत तेवढीच कुणाकडे नसतात, ही खरी अडचण. पुढचं सगळं थ्री-पार्ट काउंटर (पांढऱ्या पेशींचे तीनच गट पाडणारं मशीन) धरून लिहिलंय, कारण लहान लॅबमध्ये तोच असतो.

मशीनला काय दिसतं

वॉलेस कूल्टर यांना ज्या पद्धतीचं पेटंट १९५३ मध्ये मिळालं, तीच आजही या यंत्रांच्या पोटात आहे. बारीक छिद्रातून वीजप्रवाह चालू ठेवायचा आणि त्यातून पातळ केलेलं रक्त ओढायचं. पेशी छिद्रातून गेली की प्रवाहाला अडथळा होतो. पेशी जेवढी मोठी, तेवढा अडथळा मोठा. मशीन हे अडथळे मोजतं आणि त्यांच्या आकारावरून वाटणी करतं. साधारण २ ते २० फेम्टोलिटरमधली (पेशीचं आकारमान मोजायचं अतिसूक्ष्म एकक) वस्तू प्लेटलेट, काही मशीनमध्ये ही हद्द ३०-३५ पर्यंत सरकते. त्याच्या वरची तांबडी पेशी. पांढऱ्या पेशींच्या बाजूला तांबड्या पेशी आधी लाइझ नावाच्या द्रावणाने फोडलेल्या असतात, त्यामुळे तिथे साधारण ३५ फेम्टोलिटरच्या वर जे सापडेल ती पांढरी पेशी.

म्हणजे मशीनला रंग दिसत नाही, केंद्रक दिसत नाही, दिसतो फक्त आकार. यातूनच सगळे घोटाळे निघतात. पाच-दहा प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या तर त्या प्लेटलेटच्या खात्यातून बाहेर पडतात, आणि गुच्छ मोठा असेल तर पांढऱ्या पेशींत जमा होतात. एखाद्याच्या प्लेटलेट मुळातच मोठ्या असतील तर त्या तांबड्यांत जातात. तांबड्या पेशी फार लहान असतील तर त्या प्लेटलेटमध्ये येतात.

आधी ट्यूब हातात घ्या

टोपण काढा आणि लाकडी काडी तळापर्यंत फिरवून हलकेच वर घ्या. काडीला बारीक गुठळी लागली तर पुढचं काही करायचं नाही. ते सॅम्पल गेलं, दुसरं घ्यायचं. गुठळी काढून टाकून उरलेलं रक्त लावायचा मोह होतो आणि सगळीकडे होतो. पण गुठळीत अडकलेल्या पेशी परत येत नाहीत, आणि त्यात फक्त प्लेटलेट नसतात. अख्खा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची पूर्ण मोजणी, रद्द समजायचा.

गुठळी नसेल तर रक्त कुणी आणि कसं घेतलं ते विचारा. लहान मूल, शीर सापडत नव्हती, सिरिंजमध्ये रक्त हळूहळू आलं, मग ट्यूबमध्ये भरलं, मग कुणीतरी हाक मारली म्हणून ट्यूब तशीच स्टँडला राहिली, अशी ती गोष्ट असते. सिरिंजमध्ये थांबलेलं रक्त ईडीटीएला (जांभळ्या ट्यूबमधलं, रक्त गोठू न देणारं रसायन) भेटायच्या आधीच गोठायला लागलेलं असतं. सुई न काढता जोराने भरलं तर आणखी वाईट. भरल्या भरल्या ट्यूब आठ-दहा वेळा सावकाश उलटसुलट करायची, घुसळायची नाही. रेषेपेक्षा फार कमी रक्त असेल तर ईडीटीए जास्त होतं आणि पेशींचा आकार बदलतो. फार जास्त भरलं तर ईडीटीए पुरत नाही आणि मिसळायला जागाही उरत नाही. कलेक्शन सेंटरवरून बर्फाच्या डब्यातून आलेलं सॅम्पल असेल तर तेही लिहून ठेवा, थंडीत प्लेटलेट चिकटतात.

मग ग्राफ, मग आकडा

प्रिंटआउटवरचे तीन डोंगर (पांढऱ्या पेशी, तांबड्या पेशी आणि प्लेटलेट यांचे आकारानुसार ग्राफ) बहुतेक जण फाडून टाकतात किंवा रिपोर्टवर छापतच नाहीत. निरोगी प्लेटलेटचा डोंगर डावीकडे पटकन चढतो, उजवीकडे सावकाश उतरतो आणि २० फेम्टोलिटरच्या आसपास तळाला टेकतो. तो तळाला न टेकता उजवीकडे हवेत लटकत राहिला, तर हद्दीवर काहीतरी आहे: गुच्छ, मोठ्या प्लेटलेट किंवा बारीक तांबड्या पेशी. त्याच वेळी पांढऱ्या पेशींच्या ग्राफवर लिम्फोसाइटच्या (लहान पांढऱ्या पेशींच्या) डोंगराआधी, अगदी डाव्या टोकाला, एक छोटा उंचवटा दिसला तर गुच्छांचा संशय पक्का होतो. केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी आणि न फुटलेल्या तांबड्या पेशीही तिथेच उंचवटा करतात, म्हणून हा पुरावा नव्हे, इशारा. एमपीव्हीच्या (प्लेटलेटच्या सरासरी आकाराच्या) जागी रेघा किंवा चांदण्या आल्या तर मशीन स्वतःच सांगतंय की मला हा डोंगर समजला नाही. आपण मात्र चांदण्यांवर पांढरी शाई लावून आकडा तेवढा टाईप करतो.

स्लाइड

प्लेटलेट १ लाखाच्या खाली आणि पेशंट पहिल्यांदाच आलेला, तर स्लाइड झालीच पाहिजे. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने कुठल्या सीबीसीची स्लाइड बघावी याचे ४१ नियम काढले, त्यातही हा आहे. एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ७५ च्या खाली असेल तरी बघा, त्याचं कारण पुढे येईल.

लेशमनचा रंग घालून स्लाइड वाळली की थेट तेलाच्या (सर्वांत मोठं दाखवणाऱ्या) भिंगावर जाऊ नका. सर्वांत जास्त चूक इथे होते. आधी १० च्या भिंगाने शेपटीकडचा भाग, म्हणजे स्मियर (काचेवर ओढलेला रक्ताचा थर) जिथे पिसासारखा विरळ होत संपतो तो काठ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघा. दोन्ही कडाही बघा. गुच्छ जड असतात, स्मियर ओढताना ते काचेबरोबर पुढे सरकतात आणि शेवटाला जाऊन बसतात. मधल्या छान पातळ भागात तुम्हाला एका फील्डला (भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या गोल भागात) दोनच प्लेटलेट दिसतील आणि "कमी आहेत" असं वाटेल. तिकडे शेपटीला द्राक्षाच्या घडासारखे वीस-वीस, पन्नास-पन्नासचे जांभळट पुंजके पडलेले असतात. लहान भिंगाखाली ते रंगाच्या डागासारखे दिसतात, म्हणून शंका आली की ४० वर जाऊन खात्री करा. रंगाचा कचरा एकसारखा काळपट असतो आणि पेशींच्या वर बसलेला दिसतो. गुच्छात मात्र प्रत्येक प्लेटलेटचे दाणे वेगळे ओळखू येतात.

न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीभोवती प्लेटलेटचं कडं बसलेलं दिसलं तर तोही ईडीटीएचाच खेळ, कडं धरून बसलेल्या प्लेटलेटही मोजणीतून सुटतात.

गुच्छ नाहीत याची खात्री झाली की मगच तेलाचं भिंग. जिथे तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात तिथे दहा फील्ड मोजा. सरासरीला १५ हजारांनी गुणायचं हे आपल्याला डीएमएलटीपासून (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमापासून) पाठ आहे, कुणी २० हजारांनी गुणतं. यात एक मेख आहे. हा गुणक तुमच्या मायक्रोस्कोपच्या आयपीसवर (डोळ्याकडच्या भिंगावर) ठरतो. आयपीसवर १८ लिहिलेलं असेल तर फील्ड लहान, २२ असेल तर क्षेत्रफळ जवळपास दीडपट. नवा मायक्रोस्कोप आला आणि जुनाच गुणक चालू ठेवला, तर प्रत्येक अंदाज दीडपट फुगतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. चांगल्या आलेल्या वीस-पंचवीस नॉर्मल सॅम्पलवर स्वतःच्या मायक्रोस्कोपचा गुणक काढून भिंतीवर चिकटवा.

त्याहून सोपं आणि भरवशाचं काम म्हणजे तांबड्या पेशींशी प्रमाण काढणं. हजार तांबड्या पेशींमागे प्लेटलेट किती, ते मोजायचं. एका फील्डला २०० तांबड्या असतील तर पाच फील्डमध्ये काम होतं. समजा हजारामागे २२ प्लेटलेट आणि मशीनचा तांबड्या पेशींचा आकडा ४५ लाख. ४५ लाखांचे हजारांश काढून २२ ने गुणलं की ९९ हजार. आयपीस कुठलाही असो, उत्तर तेच. यात मशीनचा तांबड्यांचा आकडा बरोबर असावा लागतो, पण तो सहसा असतो. थंडीत किंवा एसीच्या खोलीत तांबड्याच चिकटून एमसीएचसी (तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिनचं प्रमाण) ४० वगैरे आली असेल तर ती वेगळी भानगड. ट्यूब आधी ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा, मग पुढचं.

स्लाइड लावलीच आहे तर मलेरियाही बघून टाका. पावसाळ्यात ताप आणि कमी प्लेटलेट म्हणजे डेंग्यूच, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. व्हायव्हॅक्स मलेरियाही प्लेटलेट चांगल्याच पाडतो.

गुच्छ सापडले. आता?

रक्त नीट घेतलेलं, गुठळी नाही, तरी गुच्छ. तर हे ईडीटीएमुळे होतंय असं धरून चाला. काही माणसांच्या रक्तात अशी प्रतिद्रव्यं असतात की ईडीटीएने कॅल्शियम काढून घेतल्यावर प्लेटलेटच्या पृष्ठभागावरचा जो भाग उघडा पडतो, त्याला ती चिकटतात. शरीरात असं काही घडत नाही, फक्त ट्यूबमध्ये घडतं. हजारात एखाद्याला असतं असा सर्वसाधारण अंदाज आहे. म्हणजे दिवसाला शंभर सीबीसी करणाऱ्या लॅबला महिन्यात दोन-तीन तरी भेटायला हवेत. तुम्हाला कधीच भेटले नसतील तर ते ३८ हजार म्हणून रिपोर्ट होऊन गेले आहेत.

ओळखायची एक खूण वेळेची आहे. रक्त घेतल्या घेतल्या लावलं तर आकडा बरा, अर्ध्या तासाने कमी, दोन तासांनी आणखी कमी. वर फोनवर जे दोन आकडे आले, त्यांचं कारण बहुधा हेच: दुसऱ्या लॅबने सॅम्पल लगेच लावलं, तुमच्याकडे ते लावण्याआधी बराच वेळ स्टँडला होतं. पेशंटच्या अंगात काही बदललं नव्हतं.

उपाय म्हणजे पीटीसाठी (रक्त गोठायचा वेळ मोजायच्या तपासणीसाठी) वापरतो ती निळ्या टोपणाची, ३.२ टक्के सोडियम सायट्रेटची ट्यूब. पेशंटला परत बोलवा, जांभळी आणि निळी दोन्ही एकाच वेळी घ्या, निळी अगदी रेषेपर्यंत भरा आणि दोन्ही लगेच लावा. सायट्रेटमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग द्रावण असतं, म्हणून प्लेटलेटच्या आकड्याला १.१ ने गुणायचं. हे गुणायचं राहून जातं. निळ्या ट्यूबमधल्या फक्त प्लेटलेट घ्या, हिमोग्लोबिन वगैरे जांभळ्यातूनच द्या. पांढऱ्या पेशींचं मात्र जरा सांभाळून. जांभळ्यात गुच्छ पांढऱ्यांत मोजले गेले असतील तर तो आकडाही फुगलेला असतो, स्लाइडवर पटतो का बघा.

काहींचे गुच्छ सायट्रेटमध्येही होतात. निळ्या ट्यूबचीही स्लाइड बघितल्याशिवाय "सायट्रेटवर सुद्धा कमीच" असं लिहू नका. अशा वेळी रक्त घेतल्यापासून ट्यूब ३७ अंशांवर ठेवून, गरम असतानाच लावून बघता येतं. एकदा घट्ट झालेले गुच्छ नंतर गरम करून सुटतीलच असं नाही. बोट टोचून थेट काचेवर केलेला स्मियरही उपयोगी पडतो, पण तो वाचायची रीत वेगळी: त्यात ईडीटीए नसल्यामुळे निरोगी माणसाच्याही प्लेटलेट चिकटलेल्याच दिसतात. तिथे गुच्छ दिसले म्हणजे "प्लेटलेट पुरेशा आहेत" एवढंच म्हणायचं.

गुच्छ नाहीत, पण प्लेटलेट तांबड्या पेशीएवढ्या मोठ्या आहेत, असंही कधी दिसेल. मशीनने त्या सोडून दिल्या. माणूस ठणठणीत, कधी रक्तस्राव नाही, आणि विचारलं तर कुटुंब बंगाल किंवा ईशान्येकडचं. तिकडच्या लोकांत मोठ्या आणि संख्येने थोड्या कमी प्लेटलेट जन्मतःच असणं माहीत आहे, हॅरिस प्लेटलेट सिंड्रोम म्हणतात त्याला. पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये हे चेहरे रोज येतात. इथे हजार तांबड्यांमागचं प्रमाणच खरं.

ज्याची तक्रार कधी येत नाही ती चूक

आकडा कमी आला की फोन येतो. जास्त आला की कुणी फोन करत नाही. म्हणून मला या दुसऱ्या बाजूची जास्त भीती वाटते.

उल्हासनगरातला सिंधी मुलगा, थॅलेसिमिया मायनर (तांबड्या पेशी जन्मतःच बारीक), एमसीव्ही ६०. किंवा कुठल्याही गावातली लोहाची कमतरता असलेली बाई, एमसीव्ही ५८, स्लाइडवर तुकडे तुकडे. यांना डेंग्यू झाला आणि मशीनने प्लेटलेट १ लाख १० हजार दिल्या. सगळे निश्चिंत. स्लाइडवर फील्डला दोन-तीनच. बाकीचा आकडा बारीक तांबड्यांनी आणि त्यांच्या तुकड्यांनी भरलेला. ग्राफ उजवीकडे लटकलेला असतो, तांबड्यांच्या डोंगराचा डावा पायही उचललेला असतो, पण आकड्याला फ्लॅग (मशीनने दिलेली इशाऱ्याची खूण) नसेल तर बघतं कोण. भाजलेल्या पेशंटमध्ये फुटलेल्या तांबड्या आणि रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशींचे तुकडे हाच गोंधळ करतात. एमसीव्ही खूप कमी आणि ताप, एवढं जुळलं की आकडा कितीही चांगला असो, स्लाइड बघा.

चेंबर अजून कपाटात टाकू नका

प्लेटलेट फार कमी असतील आणि स्लाइड व मशीन भांडत असतील तर न्यूबावर चेंबर (हाताने पेशी मोजायची, चौकोन आखलेली काच) काढा. एक टक्का अमोनियम ऑक्झलेट ३८० मायक्रोलिटर, रक्त २० मायक्रोलिटर, म्हणजे वीस पट. ऑक्झलेटने तांबड्या फुटतात, प्लेटलेट राहतात. चेंबर भरून ओल्या कापसासकट पेट्री डिशखाली पंधरा मिनिटं झाकून ठेवा, प्लेटलेट तळाला बसू द्या. मग ४० चं भिंग, कंडेन्सर खाली. चमकणारे बारीक ठिपके दिसतात. मधल्या मोठ्या चौकोनातले सगळे मोजा आणि २०० ने गुणा. द्रावण गाळलेलं नसेल तर तुम्ही धूळ मोजताय, आणि जुन्या बाटलीत जंतू वाढले असतील तर जंतू.

आकडा चांगला असेल तर शंभर पट पातळ करायचं, मग हजाराने गुणायचं. पण २० हजारांच्या पेशंटला शंभर पट केलं तर चौकोनात वीसच ठिपके येतील, आणि वीस मोजले तर नुसत्या योगायोगाने होणारी चूक २२ टक्के. वीस पट केलं तर शंभर ठिपके आणि चूक १० टक्के. हाताने मोजलं म्हणजे अचूक, असा एक समज आहे, तो या हिशोबापुढे टिकत नाही. निरोगी सॅम्पलवर मशीन हाताला केव्हाही मागे टाकतं, ते हजारो पेशी मोजतं. चेंबर कामाला येतं ते मशीनला ओळख पटत नाही तेव्हा.

सगळ्यांच्याच प्लेटलेट वर किंवा खाली

एकाच पेशंटचं नाही, सकाळपासून सगळ्यांचंच बिघडलंय, तर स्लाइडच्या मागे लागू नका, बॅकग्राउंड काउंट बघा. नुसतं डायल्यूएंट (रक्त पातळ करायचं द्रावण) लावूनही प्लेटलेट दिसत असतील तर नवा ड्रम जोडताना आलेले बुडबुडे, उघडा राहिलेला ड्रम किंवा अर्थिंग. शेजारी सेंट्रिफ्यूज चालू झाला की प्लेटलेट वाढतात, हा विनोद नाही: विजेचा खरखराटही मशीनला बारीक पेशीसारखाच दिसतो. सगळ्यांचं कमी येत असेल तर छिद्र तुंबलंय, प्रोब क्लीनर चालवा आणि कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल) लावल्याशिवाय पेशंट लावू नका.

रिपोर्टवर काय लिहायचं

३८ हजार हा आकडा छापून खाली बारीक अक्षरात "गुच्छ दिसले" असं लिहिलं तर डॉक्टर आकडाच वाचणार, आणि नातेवाईक तर नक्कीच तोच. आकड्याची जागा मोकळी ठेवा आणि तिथेच लिहा: ईडीटीए ट्यूबमध्ये प्लेटलेटचे गुच्छ, मशीनचा आकडा ग्राह्य नाही, स्लाइडवर संख्या पुरेशी, सायट्रेटवर अमुक. सायट्रेटचं सॅम्पल अजून यायचं असेल तर तसं लिहा आणि डॉक्टरांना फोन करा, व्हॉट्सअॅपवर पीडीएफ टाकून गप्प बसू नका. डेंग्यूत रक्तस्राव नसेल तर आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना प्लेटलेट चढवायचा विचार १० हजारांच्या खाली करायला सांगतात. पण प्रत्यक्षात ४० हजार ऐकलं की घरातले डोनर शोधायला धावतात, आणि पपईच्या पानांचा रस तर तोवर सुरू झालेलाच असतो.

आणि अशा पेशंटच्या फाईलवर, तिच्या किंवा त्याच्या हातातल्या कागदावरही, "ईडीटीएमध्ये गुच्छ होतात, प्लेटलेटसाठी सायट्रेट ट्यूब घ्यावी" असं मराठीत ठळक लिहून द्या. काहींची ही खोड वर्षानुवर्षं टिकते. पुढच्या वेळी मोतीबिंदूच्या किंवा हर्नियाच्या ऑपरेशनआधी दुसऱ्या गावच्या लॅबमध्ये सीबीसी होईल, तेव्हा तो कागद दाखवायला सांगा.